काल्पनिक राज्याची संसद: मतदारसंघ की पक्षयादी?

राजा नामधारी, सत्ता संसदेची, इथपर्यंत बहुतेकांचं सहज ठरतं. काल्पनिक देश रचणारा अडतो तो निवडणूक पद्धतीपाशी. ब्रिटनसारखे एकसदस्यीय मतदारसंघ ठेवायचे, की नेदरलँड्स-स्वीडनसारखं पक्षयाद्यांचं प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे पक्षाला मतांच्या प्रमाणात जागा आणि त्या त्याच्या यादीतल्या उमेदवारांनी भरायच्या? मित्रांसोबत चालवलेल्या आमच्या राज्यात मी दोन्ही वापरून पाहिलं आहे.

मतदारसंघांत माणसं भेटतात, हे आधीच मान्य करतो. बंदरगावचा जुना खासदार, त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला पुतण्या, फेरमोजणी, सगळं तिथे आपसूक उगवतं. यादीतल्या सतराव्या उमेदवाराभोवती कथा उभी करणं कठीण. सरकारही सहसा लवकर बनतं. २०१० मध्ये त्रिशंकू संसद येऊनही ब्रिटनमध्ये पाच दिवसांत नवा पंतप्रधान आला.

तरी मी ती पद्धत सोडली, ती नकाशामुळे. सीमा मीच आखायच्या आणि कुठल्या पक्षाचे मतदार कुठे राहतात हेही मीच ठरवायचं. मग मतं कितीही प्रामाणिकपणे वाटली तरी निकाल त्या रेघांमध्येच दडलेला असायचा. नदीकाठची चार खेडी शेजारच्या मतदारसंघात ढकलली की सरकार बदलायचं. सोबती विचारायचे, ‘ही रेघ इथूनच का?’ आणि मनापासून पटेल असं उत्तर मला कधीच देता आलं नाही. खऱ्या देशात जनगणना असते, सीमा आयोग असतो, हरकती ऐकल्या जातात. इथे सगळं एकाच माणसाच्या हातात. २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये रिफॉर्म यूकेला १४ टक्क्यांहून थोडी जास्त मतं आणि ५ जागा मिळाल्या, तर लिबरल डेमोक्रॅट्सना सुमारे १२ टक्के मतं आणि ७२ जागा. कुणाचे मतदार कुठे एकवटले होते हे पाहिलं की तिथला निकाल समजतो. माझ्या राज्यात तसाच निकाल लागला असता, तर मी तो लावला असं सगळ्यांना वाटलं असतं, आणि ते चूकही नव्हतं.

यादी पद्धतीत हा संशयच उरत नाही. समजा, पाच जागांच्या एका प्रांतात तीन पक्षांना ४८, ३१ आणि २१ हजार मतं पडली. डी’हॉन्ट पद्धतीने प्रत्येकाच्या मतांना १, २, ३ ने भागत जायचं आणि सर्वांत मोठे पाच भागाकार निवडायचे. जागा ३, १, १. शेवटची जागा १६,००० विरुद्ध १५,५०० अशी ठरते, म्हणजे दुसऱ्या पक्षाला हजाराहून थोडी जास्त मतं मिळाली असती तर ती त्याची होती. चुरस आहेच, शिवाय कुणीही कागदावर पडताळून पाहू शकतो.

या पद्धतीची दुखरी बाजू निकालानंतर सुरू होते. नेदरलँड्समध्ये २०२१ च्या निवडणुकीनंतर सरकार बनायला २९९ दिवस लागले, बेल्जियममध्ये २०१०-११ ला ५४१. त्यामुळे मुदत घटनेतच घालून ठेवावी. स्पेनमध्ये पंतप्रधानपदासाठीच्या पहिल्या मतदानापासून दोन महिन्यांत कुणी निवडून आलं नाही, तर संसद विसर्जित होते. किमान मतांची अटही हवी. स्वीडनमध्ये ती ४ टक्के आहे. नेदरलँड्समध्ये दीडशेपैकी एका जागेपुरती मतं पुरतात, म्हणून २०२१ मध्ये १७ पक्ष सभागृहात पोहोचले. एवढे पक्ष रचून जिवंत ठेवणं एकट्याला झेपत नाही.

राजाला किती काम द्यायचं, हा माझ्या मते वेगळा प्रश्न. २०२२ मध्ये मलेशियात कुणालाच बहुमताचा ११२ चा आकडा गाठता आला नाही आणि राजांना पुढाकार घ्यावा लागला. तिथे तर मतदारसंघच आहेत. उलट नेदरलँड्सने २०१२ पासून सरकार जुळवण्याच्या वाटाघाटींतून राजसत्तेला बाजूला ठेवलं आहे.

तुमची गरज वेगळी असू शकते, पण नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी पाच ते आठ जागांचे प्रांत आणि ४ टक्क्यांची अट सुचवेन. एवढ्या छोट्या यादीत उमेदवारांचे चेहरेही लक्षात राहतात. सगळी कथा एकाच गावच्या लढतीभोवती फिरणार असेल, तर मात्र मतदारसंघच ठेवा. फक्त नकाशा दुसऱ्या कुणाला आखू द्या, तोही कुठल्या पक्षाचा जोर कुठे आहे हे ठरवण्याआधी.