पुण्याहून एका दिवसात मुंबईची कॉफी: फोर्ट, वांद्रे, महालक्ष्मी की माटुंगा?

एका दिवसात मुंबईतली चार-पाच नावाजलेली कॉफीची दुकानं उरकायची, असा बेत पुष्कळ जण आखतात. सकाळी कुलाबा, दुपारी महालक्ष्मी, संध्याकाळी वांद्रे. नकाशावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात अर्धी दुपार टॅक्सीत जाते, तिसऱ्या कपानंतर जिभेला फरक कळेनासा होतो आणि समुद्र बघायचा राहूनच जातो. म्हणून एका फेरीला एकच भाग निवडा, फार तर वाटेत पडणारा आणखी एक.

पुण्यात ब्लू टोकाई आणि थर्ड वेव्ह या कॉफीच्या साखळ्यांच्या शाखा आहेत, तेव्हा तिथल्यासारख्याच कॅपुचिनोसाठी घाट उतरायची गरज नाही. मुंबईला जावं ते दोन कारणांसाठी. एक म्हणजे काही जागी कॉफी भाजणारी मंडळीच कप हातात देतात. प्रश्न विचारले की नीट उत्तरं मिळतात. दुसरं म्हणजे चिकोरी (भाजून दळलेलं एक मूळ) घातलेली दाट फिल्टर कॉफी आणि एकाच मळ्यातल्या बीन्सची हलकी पोअर ओव्हर (कागदी फिल्टरवर हाताने पाणी ओतून केलेली कॉफी), ही दोन्ही टोकं लोकलच्या काही स्टेशनांच्या अंतरावर आहेत. तुलना करायची तर याहून सोयीचं शहर मला माहीत नाही.

गाडीचं गणित आधी, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी ७.१५ ला सुटते, वाटेत दादरला थांबते आणि १०.२५ ला सीएसएमटीला पोचते. परतीला ती सीएसएमटीहून संध्याकाळी ५.१० ला निघते. म्हणजे हातात पावणेसात तास. १९३० पासून धावणाऱ्या या गाडीला डायनिंग कार आहे, तेव्हा नाश्ता गाडीतच करून घ्या. रिकाम्या पोटी काळी कॉफी प्यायली की छातीत धडधडतं आणि दोष कॉफीला जातो. नाशिककरांना पंचवटीने साधारण असाच दिवस मिळतो.

फोर्ट आणि कुलाबा

सोबत कॉफीचं वेड नसलेलं कुणी असेल, आई-वडील असतील, तर दुसरा विचार करू नका. सीएसएमटीला उतरून चालत पंधरा-वीस मिनिटांत काळा घोडा गाठता येतो. दादरला उतरलात तर मेट्रो ३ ने हुतात्मा चौकात बाहेर पडता येतं. रोपवॉक लेनमधलं काळा घोडा कॅफे २००९ पासून आहे. स्पेशालिटी कॉफी (चाखून गुण दिलेली, वरच्या दर्जाची कॉफी) हा शब्द मुंबईत फारसा कुणाच्या तोंडी नव्हता तेव्हापासूनचं. जागा लहान आहे, पण सकाळी अकराच्या सुमारास, जेवणाची गर्दी सुरू होण्याआधी, निवांत बसता येतं. जहांगीर कला दालन हाकेच्या अंतरावर आहे आणि तिथे तिकीट लागत नाही.

कुलाब्यातल्या अराकू कॅफेची गोष्ट वेगळी आहे. ही कॉफी आंध्रातल्या अराकू खोऱ्यातले आदिवासी शेतकरी पिकवतात. नांदी फाउंडेशनच्या कामातून उभ्या राहिलेल्या या ब्रँडने २०१७ मध्ये पॅरिसला दुकान काढलं आणि भारतात कॅफे उघडले ते त्यानंतर. आपल्याकडे चांगली कॉफी म्हणजे चिकमगळूर आणि कूर्ग, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पूर्व घाटातला कप त्या समजाला छान धक्का देतो. दुधाशिवाय घ्या, नाहीतर तो फरक दुधातच बुडून जाईल.

या भागाची उणीव अशी की कॉफी भाजताना बघायला मिळेलच असं नाही, आणि गर्दीच्या वेळी काउंटरवरच्या माणसाला बोलायला फुरसत नसते. कॉफी इथे दिवसाचा एक भाग असते, दिवसाचं कारण नसते. समुद्रासाठी गेटवेपेक्षा ओव्हल मैदानाच्या कडेने चर्चगेटवरून मरीन ड्राइव्हला जा. चार वाजता कठड्यावर बसलात तरी ५.१० ची गाडी आरामात मिळते.

वांद्रे आणि खार

ज्याला कॉफी समजून घ्यायची आहे त्याने वांद्र्याला जावं. चारही भागांत माझा कल इकडेच आहे, गैरसोयींसकट.

दादरला उतरून पश्चिम रेल्वेची लोकल पकडली की वांद्रे तिसरं स्टेशन. तिथून पुढे रिक्षा मिळते (दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीत, हे पुण्याहून येणाऱ्यांच्या दर वेळी लक्षात राहत नाही). रानवार गावठाणातल्या चॅपल रोडवर, बैठ्या जुन्या घरांच्या आणि रंगवलेल्या भिंतींच्या मध्ये, सबको नावाचं कॅफे आहे. २०२० मध्ये एका जुन्या बंगल्यात हे सुरू झालं. भारतीय उपखंडात पिकलेली कॉफीच वापरायची, हा त्यांचा आग्रह आहे. स्वतःची रोस्टिंग, स्वतःची बेकरी. बसायला जागा कमी आणि शनिवार-रविवारी बाहेर ताटकळणारे जास्त.

इथे पोअर ओव्हर मागवा आणि शक्य असेल तर काउंटरजवळ उभे राहा. पंधरा ग्रॅमच्या आसपास कॉफी काट्यावर तोलली जाते. कागदी फिल्टरवर आधी नुसतं गरम पाणी ओततात, म्हणजे कागदाचा वास निघून जातो आणि खालचं भांडंही तापतं. मग कॉफीवर अगदी थोडं पाणी. बीन्स ताज्या भाजलेल्या असतील तर चुरा फुगून वर येतो, बुडबुडे फुटतात; भाजताना आत अडकलेला वायू बाहेर पडत असतो. अर्धा-पाऊण मिनिट तसंच ठेवून मग गोल फिरवत बारीक धारेने उरलेलं पाणी, एकूण साधारण अडीचशे मिलिलिटर. तीनेक मिनिटांत कप तयार. तो फुगाच आला नाही तर बीन्स जुन्या आहेत, हे तुम्हाला कुणी सांगायची गरज उरत नाही.

पहिला घोट लगेच घेतलात तर गरम पाण्यापलीकडे फार काही हाती लागणार नाही. पाच मिनिटं थांबा. निवत जाताना आंबटपणा वर येतो आणि मागोमाग गोडवा. दुधाच्या कॉफीवर वाढलेल्या आपल्या जिभेला हा आंबटपणा पहिल्यांदा चूक वाटतो. म्हणूनच सुरुवातीला नैसर्गिक पद्धतीने, म्हणजे फळासकट वाळवलेली किंवा बंद टाकीत आंबवलेली कॉफी घेऊ नका. तिला पिकलेल्या फणसाच्या गऱ्यासारखा उग्र वास येतो आणि पहिल्याच कपात माणूस बिथरतो. चिकमगळूरकडची धुऊन वाळवलेली, मध्यम भाजलेली कॉफी मागा. ती पटली की दुसऱ्या कपाला त्याच मळ्याची नैसर्गिक घ्या. एकाच झाडाच्या फळाला वाळवायची पद्धत बदलली की चव किती दूर जाते, हे या दोन कपांत कळतं. स्पेशालिटी कॉफीचं सगळं मर्म मला यात दिसतं. शंभरपैकी ऐंशी किंवा अधिक गुणांची कॉफी ती स्पेशालिटी, ही व्याख्या बरोबर आहे, पण गुणपत्रिका पिता येत नाही.

चॅपल रोडहून रिक्षाने खारच्या चुईम गावठाणात गेलात तर कोइनोनियाचं, म्हणजे आताच्या केसी रोस्टर्सचं दुकान आहे. सबकोच्या आधीपासून भाजणारी ही मंडळी. गल्ली अरुंद, दुकान लहानसं, झगमगाट नाही. गर्दीने वैताग येत असेल तर सरळ इकडेच या.

गैरसोय आहे ती गाडीची. वांद्र्याचा समुद्र पाहावा सूर्यास्ताला, बँडस्टँडला नाहीतर कार्टर रोडला, आणि डेक्कन क्वीन त्याआधीच निघालेली असते. तेव्हा परतीचं आरक्षण गाडीचं न करता दादरहून शिवनेरी बसने या. बसला वेळ लागतो, एक्स्प्रेसवेवर घाटात अडकलात तर फारच, पण त्या बदल्यात संध्याकाळ पदरात पडते. खर्चही इथे जास्त. पोअर ओव्हर दोनशे-अडीचशेच्या पुढेच धरा, सोबत क्रोसाँ घेतलात तर दोघांचं बिल सहज हजाराकडे सरकतं. दोघांत एक कप मागवला तर कुणी नाक मुरडत नाही. दुसरा रिकामा कप मागून घ्यावा.

महालक्ष्मी

याबद्दल थोडक्यात. डॉ. ई. मोझेस रोडजवळच्या लक्ष्मी वूलन मिल्सच्या आवारात ब्लू टोकाईची रोस्टरी आणि कॅफे आहे. भाजायचं मोठं यंत्र बघायची हौस असेल, तर जागा चांगली. स्टेशनच्या पुलावरून धोबीघाट दिसतो, हाजी अली फार लांब नाही. पण पुण्याच्या शाखेत तुम्ही यांची कॉफी नेहमी पीत असाल तर इथला कप फार वेगळा लागणार नाही. खास एवढ्यासाठी फेरी करू नका.

माटुंगा

स्पेशालिटीच्या तुलनेत माटुंग्याचं काय काम, असं कुणी विचारेल. माझ्या मते माटुंग्याची कॉफी प्यायल्याशिवाय वांद्र्याची नीट कळत नाही.

दादरहून मध्य रेल्वेवर पुढचंच स्टेशन. स्टेशनजवळ १९३९ चं रामाश्रय, किंग्ज सर्कलला १९४० चं कॅफे मद्रास. कॅफे मद्रास सोमवारी बंद असतं आणि रविवारी रांग लांब असते. मंगळवार ते शुक्रवार उत्तम. फिल्टर कॉफी येते ती डवरा नावाच्या खोलगट वाटीत ठेवलेल्या टंबलरमधून, वर फेसाचा जाड थर. आत घट्ट डिकॉक्शन: बारीक दळलेल्या पुडीवर गरम पाणी ओतून ते थेंब-थेंब खाली झिरपू दिलेलं. चिकोरीमुळे रंग गडद होतो, जिभेवर जडपणा येतो आणि दुधात मिसळूनही कडवटपणा टिकतो. इथे कुणी मळ्याचं नाव सांगत नाही, उंची सांगत नाही. किंमत स्पेशालिटी कपाच्या पाव भागाइतकी. आणि पहिल्या घोटातच सगळं कळतं, थांबायला लागत नाही.

गुणांच्या तक्त्यात ही कॉफी ऐंशीच्या वर जाईल असा माझा दावा नाही. पण समोर भाजून दळून देण्याची जी गोष्ट आज नवी म्हणून सांगितली जाते, ती माटुंग्यातले कॉफी पूड विकणारे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. अशा दुकानात गेलात की पीबेरी (फळात एकच गोल दाणा असलेली) आणि प्लांटेशन ए (मोठ्या दाण्याची प्रत) निम्मी-निम्मी मागा आणि चिकोरीचं प्रमाण स्वतः सांगा. घरी फिल्टर असेल तर वीस टक्क्यांच्या वर जाऊ नका. चिकोरीशिवाय मागितलीत तरी चालतं. तीच पूड जाड दळून घेतली तर फ्रेंच प्रेसमध्येही छान होते.

माटुंगा हा पूर्ण दिवसाचा भाग नाही, तासाभराचा आहे. आस्तिक समाज मंदिराजवळचे मोगऱ्याचे गजरे, एक डोसा, एक कॉफी, आणि पुढे निघायचं. दहाच्या सुमाराला दादरला उतरून आधी माटुंगा, मग लोकलने सीएसएमटी, दुपारी अराकूत एक काळा कप, मरीन ड्राइव्ह आणि ५.१० ची डेक्कन क्वीन: पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हाच बेत सांगतो. फोर्टची उणीव माटुंगा भरून काढतं. ज्याचं हे करून झालं आहे त्याने पुढच्या वेळी फक्त वांद्रे धरावं.

वार आणि ऋतू

रविवार टाळा. मेगाब्लॉक असला की लोकलचं वेळापत्रक कोलमडतं, आणि वांद्र्यात गर्दीमुळे पोअर ओव्हर घाईत केला जातो. घाईत ओतलेला कप पातळ आणि आंबट होतो. कामाच्या दिवशी अकरा ते साडेबारा ही सगळ्यात चांगली वेळ.

पावसाळ्यात जाणार असाल तर कुणाच्या यादीत मॉन्सून्ड मलबार दिसते का पाहा. मंगळुरूकडच्या गोदामांत पावसाळी समुद्रवाऱ्यावर बीन्स पसरून ठेवतात. त्या फुगतात, फिकट पिवळ्या पडतात आणि आंबटपणा जवळजवळ निघून जातो. शिडाच्या जहाजांतून महिनोन्‌महिने प्रवास करताना कॉफीचं जे व्हायचं, तेच मुद्दाम घडवून आणायची ही रीत. हलकी आंबट कॉफी ज्यांना सोसत नाही, त्यांच्यासाठी ही स्पेशालिटीच्या जगातली सर्वात सोपी पायरी आहे.

बीन्स आणायच्या असतील तर

पाकिटावर भाजल्याची तारीख बघा. नुसती 'बेस्ट बिफोर' असेल तर पाकीट खाली ठेवा. दक्षिण मुंबईतल्या एका दुकानात मला तारीख विचारल्यावर ताजीच आहे एवढंच उत्तर मिळालं. घरी पाणी ओतलं तर चुरा जराही फुगला नाही. भाजून एक ते तीन आठवडे झालेल्या बीन्स सर्वात चांगल्या. मुंबईची दमट हवा दळलेल्या पुडीचा वास फार लवकर मारते, त्यामुळे घरी ग्राइंडर असेल तर अख्ख्याच बीन्स घ्या. नसेल तर दळून घेताना कशात करणार ते सांगा, मोका पॉट, फ्रेंच प्रेस की साउथ इंडियन फिल्टर, कारण प्रत्येकाचं दळण वेगळं लागतं. अडीचशे ग्रॅमच्या वर घेऊ नका. एवढ्यात पंधराएक कप होतात, आणि ते संपेपर्यंत महिना उलटू देऊ नका.