ली व्हॅलीचा नदीकाठ आणि सामान लादलेली सायकल : चारही ऋतूंतल्या वापरानंतरचा अनुभव

लंडनसारख्या महानगरातून निघून, मोटारींच्या वाऱ्यालाही उभे न राहता, पॅनिअर (चाकांच्या बाजूंना लटकवायच्या पिशव्या) लावलेली जड सायकल थेट हर्टफर्डपर्यंत नेता येते, हे ऐकून अनेकांचा विश्वास बसत नाही. लाइमहाउसच्या धक्क्यापासून हर्टफर्डपर्यंत ली नदीच्या काठाने जाणारी सुमारे 45 किलोमीटरची ही वाट मी उन्हाळ्यात, पानगळीत, कडाक्याच्या थंडीत आणि वसंतातल्या चिखलातही वापरली आहे. लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासाची सवय लावण्यासाठी लंडनच्या आसपास याहून चांगली जागा मला सापडलेली नाही. मात्र वेग हेच ज्यांचे समाधान आहे, त्यांनी इकडे फिरकू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

या वाटेचा बराचसा भाग ली व्हॅली रीजनल पार्कमधून जातो. वेअर गावापासून थेम्सपर्यंत सुमारे 42 किलोमीटर लांब पसरलेले हे उद्यान म्हणजे आखीवरेखीव बाग नव्हे. खडी उपसून झालेल्या खाणींचे तलाव, जलाशय, कुरणे, जुन्या कारखान्यांच्या जागा आणि क्रीडासंकुले यांची ती एक लांबलचक पट्टी आहे. पॅट्रिक ॲबरक्रॉम्बी यांनी 1944 च्या बृहत् लंडन आराखड्यात या खोऱ्याचा हरित पट्टा म्हणून विचार केला होता. 1966 मध्ये संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. आपण ज्यावरून सायकल चालवतो तो टोपाथ, म्हणजे पाण्याकाठची वाट, मात्र त्याहून कितीतरी जुना आहे. मालाच्या नावा दोराने ओढणाऱ्या घोड्यांसाठी तो काठाने तयार केला गेला आणि म्हणूनच तो जवळजवळ सपाट आहे. चढ लागतो तो एखाद्या लॉकपाशी (नावा वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या दरवाजांच्या हौदापाशी) किंवा पुलावर, तोही काही मीटरांचा. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनाही पॅनिअर भरून इथे निर्धास्तपणे निघता येते.

दक्षिणेकडचा भाग शहरी आहे. लाइमहाउस कटच्या सरळ कालव्याकाठाने, ब्लॅकवॉल बोगद्याकडे जाणाऱ्या हमरस्त्याखालून पाण्यावर तरंगणाऱ्या वाटेने आपण थ्री मिल्सला पोहोचतो. तिथली 1776 ची हाउस मिल ही भरतीच्या पाण्यावर चालणारी गिरणी थांबून पाहण्यासारखी आहे. पुढे ऑलिंपिक पार्क, हॅकनी मार्शेसची फुटबॉल मैदाने आणि वॉल्थमस्टोची पाणथळ कुरणे लागतात. टॉटनहॅमनंतर एडमंटनच्या कचरा जाळण्याच्या केंद्राची चिमणी आणि गोदामांच्या पाठभिंती दिसू लागतात; पण पूर्वेच्या बाजूला जलाशयांचे उंच गवताळ बांध असतात आणि त्यावर मेंढ्या चरत असतात. हा पट्टा रटाळ आहे असे म्हणणारे बरेच भेटतात. मला तो आवडतो, कारण हे शहर पाणी कुठून घेते, कचरा कुठे नेते आणि माल कुठे साठवते, हे इथे सायकलवर बसल्याबसल्या उघड दिसते.

वॉल्थम ॲबीजवळ एम 25 महामार्गाखालून पलीकडे गेले की वाटेचा स्वभाव बदलतो. फिशर्स ग्रीनच्या आसपास दोन्ही बाजूंना तलाव आहेत. थंडीत तिथल्या वेताच्या बेटांत बिटर्न हा बगळ्याच्या कुळातला लाजाळू पक्षी येतो आणि त्याच्यासाठी दुर्बिणी लावून माणसे तासन् तास बसलेली दिसतात. चेशंट ते ब्रॉक्सबोर्न हा माझा सर्वांत आवडता तुकडा. वाट पुरेशी रुंद, काठावर अल्डर आणि विलोची झाडे, मधूनच राखी बगळा, आणि नशीब असेल तर पाण्यालगत सरळ रेषेत निघून जाणारा खंड्या. लॉकपाशी एखादी नॅरोबोट, म्हणजे कालव्यातली लांब अरुंद नाव, आली की मी हमखास उतरतो. नावाडी झडपा उघडतात, हौदातले पाणी फुटाफुटाने चढते, दोन्हीकडची पातळी एक झाल्यावर लांब लाकडी दांड्याला पाठ लावून दरवाजा ढकलतात. हे पाहण्यात पंधरा मिनिटे जातात आणि प्रवासातली ती पंधरा मिनिटे वाया गेली असे मला कधीच वाटलेले नाही. राय हाउसच्या पुढे वाट अरुंद होते, आणि वेअरमध्ये नदीवर झुकलेल्या अठराव्या शतकातल्या छोट्या बागघरांची ओळ दिसते.

लंडनच्या हद्दीत बहुतेक ठिकाणी डांबर किंवा पक्की दाबलेली खडी आहे. उत्तरेकडे काही भागांत निव्वळ माती आहे. रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलचे अरुंद टायर इथे उपयोगाचे नाहीत. 35 ते 40 मिलिमीटरचे, पंक्चररोधक पट्टी असलेले टायर आणि पूर्ण लांबीचे मडगार्ड ही माझ्या मते किमान गरज आहे. पानगळीच्या सुमारास हॉथॉर्नची कुंपणे छाटली जातात आणि त्यांचे काटे वाटेवर विखुरतात. बारीक चिमटा जवळ असला तर टायरमधला काटा निघतो, नुसत्या नखांनी निघत नाही. जुन्या पुलांच्या उतारांवर घोड्यांचे खूर घसरू नयेत म्हणून आडव्या विटा उभारलेल्या आहेत. ओल्या पानांखाली त्या दिसत नाहीत, तेव्हा तिथे उतरून चालावे.

माझी खरी तक्रार वाटेबद्दल नाही, काही सायकलस्वारांबद्दल आहे. पुलाखालच्या आंधळ्या वळणांवर घंटी न वाजवता, वेग कमी न करता येणारी मंडळी पादचाऱ्यांच्या जिवावर उठतात. टोपाथवर पहिला हक्क चालणाऱ्यांचा आहे. शिवाय काठाला लागलेल्या नावांवर राहणाऱ्या लोकांचे ते अंगणच आहे. त्यांची लाकडे, कुंड्या, कुत्री वाटेवर असणारच. थंडीत त्यांच्या शेगड्यांचा धूर वाटेवर साचतो, दमा असलेल्यांनी हे लक्षात घ्यावे. बऱ्याच ठिकाणी दिवे नाहीत, त्यामुळे अंधार पडल्यावर मी हा मार्ग टाळतो.

मुलांकडे महिना-दोन महिने राहायला आलेल्या आई-वडिलांनाही चेशंट ते ब्रॉक्सबोर्न हा टप्पा सहज जमेल. दोन्हीकडे रेल्वे स्टेशन आहे, आणि टॉटनहॅम हेलपासून हर्टफर्ड ईस्टपर्यंतची रेल्वे जवळजवळ सारा वेळ नदीची सोबत करते, त्यामुळे दमल्यावर परतायचे कसे ही चिंता नाही. आठवड्याच्या कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी घडीची नसलेली सायकल गाडीत घेत नाहीत, एवढे पाहून निघावे. मोठा प्रवास करायचा असेल त्यांनी फील्ड्स वेअर या बंधाऱ्यापाशी लीला स्टॉर्ट नदी मिळते तिथून पूर्वेकडे वळावे. राष्ट्रीय सायकलमार्ग क्रमांक 1 हार्लो, चेम्सफर्ड करत कोलचेस्टरकडे जातो, आणि हारविच बंदरातून सायकलसह हॉलंडची बोट मिळते. या मार्गावर मात्र मोटारींचे रस्ते मध्ये येतात. केवळ नदीकाठाचा दिवस हवा असेल तर दक्षिणेकडून उत्तरेकडे जावे, कारण इथला वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो आणि सामानासह पाठीवर वारा घेऊन हर्टफर्ड गाठणे, मग गाडीने परतणे, हे उलट क्रमापेक्षा कितीतरी सोपे जाते.