पाण्याकाठी जायचंय, पण गळ घेऊन की कॅमेरा घेऊन?

सुटीची सकाळ एखाद्या धरणाच्या काठी घालवायची, एवढं ज्यांचं ठरलंय आणि हातात काय घ्यायचं एवढंच ठरत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितोय. रॉड किती फुटी आणि लेन्स किती मिलिमीटरची ही माहिती कुठेही मिळते, ती सोडून देतो. मी दोन्ही छंद मनापासून केले, बहुतेक वेळा एकाच पाण्यावर, उजनी धरणाच्या फुगवट्यावर.

दोन्ही एकदमच जमवू, हा विचार मात्र आधीच बाजूला ठेवा. पक्ष्यांना आणि माशांना वेळ एकच लागते, उजाडल्यानंतरचा तास-दीड तास. ऊन चढलं की पाण्यावरून गरम हवा उठते आणि कितीही भारी लेन्स असली तरी लांबचा पक्षी मऊ, धुरकट येतो. मासाही खोल जातो. त्या तासात डोळा गळाच्या दोरीला बांधलेल्या तरंग्यावर तरी असतो, नाही तर व्ह्यूफाइंडरला तरी. शिवाय गांडुळाने बरबटलेल्या हाताने कॅमेऱ्याला हात लावणार कसा?

कॅमेऱ्याची बाजू भक्कम आहे, हे आधी सांगतो. भिगवणजवळ कुंभारगाव किंवा डिकसळला हिवाळ्यात जा. पाणी ओसरून चिखलाचे पट्टे उघडे पडले की रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस दिसतात, नदीसुरय डोक्यावरून फिरत असतात. होड्या तिथल्याच मासेमारांच्या. कुठल्या पट्ट्यावर आज काय बसलंय हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, आणि होडी उन्हाच्या कुठल्या बाजूला लावायची हेसुद्धा. घरातली सगळी माणसं बरोबर येऊ शकतात. कोणाचा जीव जात नाही, आणि शाकाहारी घरात ही गोष्ट लहान नाही. पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच भिंतीवर लावण्यासारखं काहीतरी हाती लागतं. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, तेवढी हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवली की झालं.

गळाचं तसं नाही. बहुतेक जलाशयांत मासेमारीचा हक्क सहकारी संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतो. त्या माणसाला आधी भेटा, विचारा, जे काही द्यायचं असेल ते द्या. ‘इथे कोण बघतंय’ म्हणून गळ टाकू नका. त्या पाण्यावर कोणाचं तरी घर चालतं. अभयारण्याच्या हद्दीत तर विषयच नाही. पहिल्या पावसात चढणीचे मासे पोटात अंडी घेऊन वर येतात, तेव्हा माझा रॉड माळ्यावर असतो. आणि रिकाम्या हाताने परतायच्या सकाळी पुष्कळ. उजनीत गळाला बसते ती बहुतेकदा चिलापी, म्हणजे तिलापिया. ती मूळची आफ्रिकेची, म्हणून घरी न्यायला मला काही वाटत नाही. आपला देशी मासा मात्र मी परत सोडतो.

त्यातही खडस, म्हणजे दख्खनी महाशीर. १८३९ साली साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते आपल्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज पुण्यातल्या पुलावरून ते पात्र पाहताना पोटात तुटतं. लोणावळ्याला वळवणमध्ये टाटांच्या केंद्रात त्याची पैदास होते. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात तो देवाचा मासा म्हणून राखला गेलाय. तिथे गळाचं नावही काढू नये, कॅमेरा खुशाल न्यावा.

एवढं ऐकून पारडं कॅमेऱ्याकडे झुकलं असेल. माझंही बराच काळ तिकडेच होतं. ते फिरलं एका कटकटीमुळे, आणि ती कटकट पाण्याकाठची नाही, घरातली आहे. फोटो निवडणं.

आजचा कॅमेरा सेकंदाला २० फ्रेम सहज काढतो. नदीसुरय पाण्यात सूर मारताना दहा सेकंद बोट दाबून धरलं की २०० फोटो. एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ कच्ची फाइल, २५ एमबीची धरली तरी एका सुराचे ५ जीबी. अशा सकाळी किती सूर मारले जातात! मग संध्याकाळी बसायचं. या फोटोत डोळा स्पष्ट आहे पण पंख खाली, त्याच्या पुढच्यात पंख झकास आणि डोळ्यावर सावली. दोन्ही शंभर टक्के मोठे करून पाहायचे, परत मागे जायचं, कोणताच पुसवत नाही. पुसले नाहीत की हार्ड डिस्क भरते, नवी आणली की तीही भरते. मी आठवडाभर ऑफिसात पडद्यासमोरच बसतो. रविवारची रात्रसुद्धा तिथेच जायला लागली. आणखी एक गोष्ट खुपायची. ते दोनशे फोटो चाळून झाले की सकाळी डोळ्यांनी पाहिलेला सूर आठवेनासा व्हायचा, आठवायचा तो निवडलेला फोटो. थोडेच फोटो काढायचे, असंही ठरवून पाहिलं. समोर पक्षी आला की बोट ऐकत नाही.

गळाचं काम काठावरच संपतं. घरी येऊन रीळ पुसलं, गळ सुकवून डबीत ठेवले, झालं. मिळतं काय, तर हाताला येणारी जाण. चिलापी टुकटुक टोचते, तरंगा थरथरतो. रोहू सावकाश ओढत नेतो, तरंगा तिरका होऊन सरकत बुडतो. मरळ एकाच हिसक्यात सगळं सांगून टाकते. तंगुसातून, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीतून, बोटापर्यंत येणारं हे बोलणं दरवेळी थोडं अधिक कळतं, आणि ते साठवायला डिस्क लागत नाही.

माझा एक मित्र फोटो निवडण्यात रात्र रात्र रमतो. त्याला तेच काम आवडतं आणि त्याचे फोटोही तसेच उतरतात. तुमचा पिंड तसा असेल, किंवा मुलाबाळांना घेऊन जायचं असेल, तर बेलाशक कॅमेरा घ्या. दिवसभर संगणकावर काम असेल, तर मी म्हणेन आधी गळ टाकून पाहा. दिवाळीनंतर पाऊस सरला की सुरुवात करा. संस्थेची परवानगी, साधा बांबू, तंगूस, बुचाचा तरंगा, थोडं शिसं, गांडुळं, एवढ्यावर भागतं. गळाचा उलटा काटा पकडीने चेपून टाका, म्हणजे सोडायचा मासा फारसा न दुखावता सुटतो. त्याला धरण्याआधी हात ओले करा, नाही तर अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. आणि तुटलेल्या तंगुसाचा तुकडान् तुकडा खिशात घालून परत आणा; काठावर राहिला तर पक्ष्यांच्या पायात अडकतो.