मिनी ट्रॅक्टरवरचं प्लास्टिक: बोनेट फुटलं तर चालेल, एअर क्लीनर नाही

'सगळं प्लास्टिकच आहे हो' ही छोट्या ट्रॅक्टरबद्दलची नेहमीची तक्रार. ती अर्धीच खरी आहे. बोनेट, मडगार्ड, डॅशबोर्ड, दिव्यांच्या काचा, डिझेलची टाकी, एअर क्लीनरचा डबा, रेडिएटरच्या टाक्या, पंखा, पीटीओ शाफ्टचं (इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्याचं) कव्हर हे सगळं एका जातीचं प्लास्टिक नसतं. प्रत्येकाची जात वेगळी आणि मरणही वेगळं. त्यामुळे सरसकट 'टिकतं' किंवा 'टिकत नाही' म्हणण्यात अर्थ नाही.

बोनेटपासून सुरुवात करू, कारण डोळ्यात भरतं तेच. बहुतेक ठिकाणी ते एबीएस किंवा पॉलिप्रॉपिलीन (पीपी) या जातींच्या प्लास्टिकचं किंवा फायबरचं असतं, काही मॉडेलवर पीडीसीपीडी नावाचं जाड, साच्यातच घट्ट होणारं प्लास्टिक असतं. एबीएसमध्ये लवचिकपणासाठी रबराचा अंश असतो आणि ऊन आधी त्यालाच खातं. रंग फिका पडतो, हात फिरवला की पांढरी पूड लागते आणि मग ठिसूळपणा येतो. रंग मारलेलं बोनेट जास्त टिकतं, कारण ऊन आधी रंगावर पडतं. मुळातच रंगीत प्लास्टिक ओतलेलं असेल तर ओरखडा दिसत नाही, पण ऊन थेट बसतं.

तरी बोनेट बहुधा उन्हाने फुटत नाही, बोल्टपाशी फुटतं. एक मीटर लांबीचं एबीएस तापमान 40 अंशांनी वाढलं की सुमारे साडेतीन मिलिमीटर लांबतं, तेवढंच लोखंड जेमतेम अर्धा मिलिमीटर. दोन्ही बोल्टने करकचून आवळले की प्लास्टिकला हलायला जागा उरत नाही. भोकाभोवती चांदणीसारख्या बारीक चिरा येतात आणि एक किंवा दोन सिलिंडरच्या इंजिनाची थरथर त्या पुढे नेते. बोल्टचं भोक लांबट असेल, आत धातूचा बुश (छोटी नळी) असेल आणि वर रुंद वॉशर असेल तर हा प्रश्न जवळजवळ येत नाही. बुश नसेल तर बसवून घ्यावा. त्याची लांबी प्लास्टिकच्या जाडीपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त ठेवली की बोल्ट बुशवर आवळला जातो, प्लास्टिकवर नाही.

इथेच एक चूक हमखास होते. बोल्ट सैल होतो म्हणून आट्यांवर निळं थ्रेडलॉकर (आटे पकडून ठेवणारा गोंद) लावतात. लोखंडाला ते उत्तम, पण एबीएस आणि पॉलिकार्बोनेटला (दिव्याच्या काचेच्या प्लास्टिकला) त्याने तडे जातात. तिथे नायलॉन रिंगचा नट वापरावा. पेट्रोलच्या फडक्याने बोनेट किंवा दिव्याची काच पुसणं हीदेखील तीच गोष्ट: ताण असलेल्या जागी चीर लगेच दिसतेच असं नाही, काही दिवसांनी दिसते. साबणाचं कोमट पाणी पुरतं.

बोनेट फुटलं तरी ट्रॅक्टर चालतो. एअर क्लीनरच्या डब्याचं तसं नाही. त्याला केसाएवढी चीर गेली किंवा क्लिपचा एक कान तुटला, तर इंजिन फिल्टर टाळून धूळ ओढतं. आवाज बदलत नाही, धूर दिसत नाही, फक्त पिस्टनच्या रिंगा आणि लायनर झिजत राहतात. तपासणी सोपी आहे: इंजिन बंद करून फिल्टरपासून मॅनिफोल्डकडे (इंजिनाच्या हवा घेणाऱ्या तोंडाकडे) जाणारा पाइप सोडवा आणि आतून स्वच्छ पांढरं फडकं फिरवा. त्यावर मातकट डाग आला की कुठेतरी हवा चोरवाटेने येते आहे. हा डबा सायलेन्सरजवळ असेल तर उष्णतेने आधी झाकणाची कड वाकडी होते, चीर नंतर येते. झाकण बसवताना खालची काळी रबरी चोच जमिनीकडेच हवी, नाहीतर साठलेली धूळ बाहेर पडत नाही. फिल्टर आतून बाहेर हवा मारून साफ करताना दाब 2 बारच्या आत ठेवा. आणि डब्याला चिकटपट्टी लावून काम भागवू नका, डबा बदला.

रेडिएटरच्या बाजूच्या टाक्या काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या, ॲल्युमिनियमच्या गाभ्यावर चिमटून बसवलेल्या असतात. त्या चांगल्या टिकतात. बिघडतात त्या दोन ठिकाणी: होजच्या नळीवर क्लॅम्प जास्त आवळल्याने, आणि चिमटलेल्या कडेला, जिथे कूलंट झिरपून वाळतं आणि पांढरट किंवा हिरवट पापुद्रा धरतो. पापुद्रा दिसला की टाकी फुटायची वाट पाहू नये. प्लास्टिकच्या पंख्याची पाती मुळाशी चिरते, म्हणून तिथे बॅटरीच्या उजेडात बघायचं.

पीटीओ शाफ्टवरचं पिवळं किंवा काळं कव्हर हा एकच भाग असा, की तो तुटला तर माणूस जाऊ शकतो. मिनिटाला 540 फेरे म्हणजे सेकंदाला 9 वेढे, कपड्याचं टोक अडकलं की सोडवायला वेळच मिळत नाही. कव्हर उन्हाने ठिसूळ होतं, पण बहुतेकदा मरतं ते शाफ्टबरोबर फिरू नये म्हणून असलेली साखळी न बांधल्याने आणि आतल्या नायलॉन रिंगांना ग्रीस न दिल्याने. कामाच्या दर 8 तासांनी ग्रीस द्या. इंजिन बंद करून कव्हर हाताने फिरवा, ते शाफ्टवर मोकळं फिरलं पाहिजे. अडकत असेल किंवा चिरलं असेल तर त्या दिवशी पीटीओ वापरायचा नाही.

डिझेलची टाकी सहसा पॉलिथिनची असते आणि या यादीत तिला सगळ्यात जास्त गुण. चॅसिसच्या कडेला घासते तिथे रबराची पट्टी टाकली की झालं. फुटलीच तर वेल्डिंग करू नका, आत वाफ असते. दिव्याची काच पिवळी पडली तर 800, 1500, 2000 आणि 3000 नंबरच्या कागदाने पाणी टाकत घासून पॉलिश करता येते, पण वर उन्हापासून वाचवणारा क्लिअर कोट मारला नाही तर काही महिन्यांत पुन्हा तीच गत.

दुरुस्तीआधी जात ओळखा. भागाच्या मागे >एबीएस<, >पीपी< असा शिक्का बहुतेकदा असतो. नसेल तर कोपऱ्याचा तुकडा पाण्यात टाका: पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिन तरंगतात, एबीएस बुडतं. टाल्क (खनिजाची पूड) मिसळलेलं पॉलिप्रॉपिलीन मात्र बुडू शकतं. एबीएसला चिरेच्या टोकाला 3 मिलिमीटरचं भोक पाडा म्हणजे चीर थांबते, दोन्ही बाजूंनी खाच करा, एबीएसचाच चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवून भरा, मागून काचतंतूची जाळी लावा आणि पूर्ण दिवस वाळू द्या. पॉलिप्रॉपिलीनला हा उपाय चालत नाही, फेव्हिक्विकसारखे गोंदही सोलून निघतात. त्याला गरम हवेने त्याच जातीच्या काडीचं वेल्डिंगच लागतं, किंवा सरळ ॲल्युमिनियमची पट्टी आणि रिव्हेट. पीडीसीपीडी तर वितळतच नाही, त्याला दोन भागांचं इपॉक्सी.

नवा ट्रॅक्टर बघायला गेलात तर बोनेट उघडून आतून बघा: बिजागरी लोखंडी चौकटीला आहे की थेट प्लास्टिकला, बोल्टच्या भोकांत पितळी इन्सर्ट (आट्यांच्या नळ्या) आहेत का, मागे मजबुतीसाठी आडव्या-उभ्या पट्ट्या आहेत का. आणि एक प्रश्न नक्की विचारा: क्लिपा सुट्या मिळतात की पूर्ण बोनेटच घ्यावं लागतं?