एफसी-150 चा कॅम बदलून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

आमची महिंद्राची एफसी-150, म्हणजे इंजिनावरच केबिन असलेला जीपचा छोटा ट्रक, बाबांनी इंदूरच्या सियागंज बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडून जुनीच घेतली होती. इंजिन मूळचं हरिकेन, 2.2 लिटर पेट्रोल. गेल्या वर्षी बडवाहच्या शेतातून आठ पोती गहू भरून इंदूरच्या वाटेवरचा भेरूघाट चढताना ती दम टाकायला लागली. कॉम्प्रेशन ठीक, कार्बोरेटर साफ, प्लग नवे. शेवटी बाजूचं झाकण उघडून डायल गेज (बारीक माप दाखवणारं घड्याळ) लावला, तर कॅमवरचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरचा, तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट लोब (धूर सोडणारा व्हॉल्व्ह उचलणारा उंचवटा) चांगला दीड मिलिमीटर झिजलेला. म्हणजे इंजिन उतरवणं आलंच.

आता खर्च होतोच आहे तर कॅम थोडा सुधारून घ्यावा, असं मनात आलं. ओळखीच्या जीपवाल्या मुलांनी रॅलीचा कॅम सुचवला: जास्त लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो), जास्त ड्युरेशन (किती वेळ उघडा राहतो), आवाज एकदम दमदार. मलाही मोह झाला. पण मी वहीत गणित मांडलं. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरची रुंदी) 79 मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 111. चार हजार आरपीएमला पिस्टन सेकंदाला जवळपास 15 मीटर धावतो. त्याच्या वर त्याला पळवणं म्हणजे बेअरिंगांशी वैर. आणि ड्युरेशन वाढवलेला कॅम ताकद देतो ती नेमकी वरच्याच आरपीएमला. खाली त्याचा ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा वेळ, ताजी हवा आणि जळलेला धूर एकमेकांत मिसळतो, आयडलिंग थरथरतं आणि टॉर्क घटतो. आमची गाडी तर घाटात 1500 ते 2500 मध्येच राबते. कंपनीने सर्वांत जास्त टॉर्क 2000 च्या आसपास ठेवलाय, तो उगाच नाही.

म्हणून एक्झॉस्टचे लोब मूळ मापाचे ठेवले आणि फक्त इनटेकची (आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची) लिफ्ट किंचित वाढवली, ड्युरेशन जवळपास तेच. या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतो आणि पुशरॉड-रॉकरने उघडतो, तर एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये, सरळ टॅपेटवर (लोबवर टेकून व्हॉल्व्हकडे धक्का पोचवणारा तुकडा). कॅम मात्र दोघांचा एकच, त्यामुळे एका बाजूचे लोब वेगळे घासून घेता येतात. नवा कॅम न आणता जुनाच घासून घेतला. घासल्यावर लोबचा मूळ गोल लहान होतो, पण टॅपेट अॅडजस्ट होणारे असल्याने तेवढं अंतर भरून निघतं.

पहिल्या दुकानाने मात्र फसवलं. लोब घासून दिले, पण वर कडकपणा उरलाय की नाही हे तपासलंच नाही. कानस फिरवली तर चक्क ओरखडा उठला. पंधरा दिवस आणि पैसे, दोन्ही गेले. दुसऱ्या उस्तादांनी जुन्या इंजिनातला दुसरा कॅम शोधून घासला, कडक करून दिला आणि बजावलं, “जुने टॅपेट यावर बसवाल तर महिन्यात परत याल.” जुना टॅपेट जुन्या लोबसोबत घासला गेलेला असतो, नव्यावर तो नीट फिरत नाही. आठही टॅपेट नवे घातले.

खरी काळजी पहिल्या वीस मिनिटांची होती. लोबना तेल मिळतं ते उडालेल्या थेंबांचं, आणि आयडलिंगला ते कमी पडतं. म्हणून इंजिन सुरू होताच दोन हजारावर नेलं आणि वीस मिनिटं थोडं खालीवर करत तिथेच ठेवलं. तेल डिझेल इंजिनाचं 15डब्ल्यू-40, कारण त्यात लोबची झीज रोखणारं झिंक जास्त असतं. पाचशे किलोमीटरला तेल बदललं आणि व्हॉल्व्हचे गॅप पुन्हा लावले: इनटेक 18 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्ट 16, गार इंजिनावर.

आता भेरूघाटाचं सांगतो. पूर्वी मधल्या वळणांवर पहिला टाकावा लागे. आमच्या तीन गिअरच्या पेटीत पहिल्याला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर सहज बसवणारी सोय) नाही, म्हणजे भरल्या गाडीने जवळपास थांबायचं, मागे ट्रकांची रांग. आता तोच तुकडा दुसऱ्यात निघतो. बाबा शेजारी बसले होते, म्हणाले, “घेतली तेव्हा अशीच चढायची.” मला यापेक्षा मोठी पावती नको.

अॅव्हरेज मात्र वाढलं नाही, साडेसातच्या आसपासच आहे. डिसेंबरात सकाळी चोक थोडा जास्त वेळ ओढून ठेवावा लागला. टॅपेटचा टिकटिक आवाज पहिल्यापेक्षा जास्त येतो, गरम झाल्यावर कमी होतो. सगळं मिळून साडेएकोणीस हजार लागले, पहिल्या दुकानाचे पैसे धरून.

मागच्या आठवड्यात परत डायल गेज लावला. तिसऱ्याचा एक्झॉस्ट लोब बसवला त्या दिवशीच्याच मापावर आहे. पुढची मोजणी दिवाळीनंतर, गव्हाच्या पेरणीआधी.