घरी मागं राहणाऱ्या घोडीला सोबत: तट्टू घ्यावं की बोकड?

दोन घोडे पाळले की एक बाहेर जाणार आणि एक मागं राहणार हे आलंच. आमचा तरणा घोडा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जातो, सीझनमध्ये वरातीला जातो, आणि म्हातारी घोडी घरी. टेम्पो गेटबाहेर पडला की हिच्या कुंपणाकडेनं फेऱ्या सुरू, सतत खिंकाळणं, अंग घामानं ओलं, चंदीला, म्हणजे दाण्याच्या खुराकाला, तोंड लावायची नाही. वय झालेल्या जनावराचं खाणंपिणं असं सुटलं तर पोटशूळाची भीती असते, म्हणून सोबत तर हवीच.

आरसा लावा असंही बरेच जण सांगतात. तबेल्यात बंद राहणाऱ्या, एका जागी डुलणाऱ्या घोड्यांना त्याचा उपयोग होतो, 2002 साली इंग्लंडमधल्या अभ्यासात तसं दिसलंय. पण आमची घोडी मोकळ्या वाड्यात असते, ती आरशासमोर थांबणार कशाला. लावलाच तर काचेचा नको, अ‍ॅक्रिलिकचा लावा.

आता तट्टू. जातीला जात, त्यामुळं जीव पटकन लागतो, एकमेकांची मान खाजवतात, माश्या हाकलतात, ते बोकडाला काय जमणार. खर्च मात्र बोकडापेक्षा जास्त. फक्त बाजारातून आणलं तर ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगासाठी रक्त तपासून घ्या आणि रिपोर्ट येईपर्यंत लांब बांधा, घाई करू नका.

मी ओळखीच्यांचं तट्टू आणून ठेवलं होतं आणि एरवी सगळं छान चाललेलं. पण माझं मत फिरलं ते एकाच गोष्टीनं. तट्टाचाही जीव तरण्या घोड्यात अडकला, त्यामुळं टेम्पो निघाला की आधी एक ओरडायची तिथं आता दोघं ओरडायला लागले, घोडी जरा शांत व्हायला आली की तट्टू कान टवकारून खिंकाळायचं आणि ही परत कुंपणाला धावायची, आणि हे असं तासन् तास. वर नाल मारायला तट्टू बाहेर काढलं तरी घोडीचा तोच गोंधळ.

म्हणून मग बोकड आणला. बोकडाला घोडा गेल्याचं काहीच नसतं! तो आपला कडबा चघळत उभा राहतो, आणि घोडी दोन फेऱ्या मारून त्याच्याजवळ येऊन थांबते. मोजमाप काही केलेलं नाही, पण पूर्वी संध्याकाळपर्यंत चंदी तशीच पडायची, आता दुपारच्या आत संपते. सगळ्याच घोड्यांचं असं होईल असं नाही, काही घोडी शेळीला जवळ उभीच करत नाहीत, लाथ घालतात.

घ्यायचाच तर खच्ची केलेला आणि बिनशिंगी घ्या, आमचा उस्मानाबादी आहे. खच्ची नसेल तर वास सोसत नाही आणि शिंगं घोडीच्या पोटाला लागायची भीती. ईदच्या आधी व्यापारी विचारत येतात, विकायचा नाही म्हणून घरातल्यांना आधीच सांगून ठेवा.

खाण्याचं मात्र डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. बोकड चंदीच्या डब्यात शिरला आणि पोटभर धान्य खाल्लं तर पोट फुगून मरू शकतो, म्हणून चंदीच्या वेळी त्याला वेगळा बांधा. आणि उलटंही, शेळ्या-कोंबड्यांच्या काही तयार खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं, घोड्याच्या हृदयाला ते विष आहे, थोडं पोटात गेलं तरी जीवावर बेततं. आम्ही तसलं पोतं घरातच आणत नाही, बोकडाला पाला, कडबा आणि मक्याचा भरडा एवढंच.

तुमचे दोन्ही घोडे आलटूनपालटून बाहेर जात असतील आणि जागा, पैसा दोन्ही असेल तर तट्टाचा विचार जरूर करा. पण मागं राहणारी एकच ठरलेली असेल तर मी आधी बोकडच आणून बघेन. ओळख मात्र घोडा घरी असतानाच करून द्या, सुरुवातीला मधे आडवे बांबू ठेवून, आणि घोडी त्याला हुंगून परत गवताला तोंड लावायला लागली की मगच मोकळं सोडा.