नोकरी शोधतानाची वही : आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

जूनच्या शेवटी माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि पुढे वाढवून मिळालं नाही. नाशिकच्या अंबडमधल्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत मी पाच वर्षं क्वालिटीला होते, ठेकेदाराच्या पेरोलवर. दुसऱ्याच दिवशी उत्तमनगरच्या स्टेशनरीच्या दुकानातून दोनशे पानी फुलस्केप वही आणली. कुठे कुठे अर्ज केले ते लिहून ठेवावं, एवढाच विचार होता. फेब्रुवारीच्या अखेरीस मला सातपूरला नोकरी लागली. मधल्या काळात पोर्टल, ॲप, लिंक्डइन, कन्सल्टन्सी, रोजगार मेळावा, कंपन्यांची गेटं असं सगळं पालथं घातलं. त्या सगळ्याबद्दल सांगते, पण मला नोकरीपर्यंत नेलं ते वहीतल्या एका रकान्याने. तो रकाना मला चौथ्या महिन्यात सुचला, याची अजून हळहळ वाटते. तुम्हाला तेवढा वेळ लागू नये म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवातीला पाचच रकाने आखले होते. तारीख, कंपनी आणि जागा, कुठून कळलं, कोणता रेझ्युमे पाठवला, पुढे काय झालं. जुलै आणि ऑगस्ट मी रोज रात्री जेवण झालं की मोबाइल घेऊन बसायचे आणि दिसेल तिथे अर्ज टाकायचे. ऑगस्टअखेर वहीत १४० नोंदी होत्या आणि फोन आले होते सहा. एकदा आई शेजारी बसून पानं चाळत होती. ती म्हणाली, "अगं, एवढ्या ठिकाणी पाठवलंस, मग या सहाजणांनीच का फोन केला?" मी उत्तर शोधायला म्हणून त्या सहा नोंदी लाल पेनाने खूण करून पाहिल्या. सहापैकी चार ठिकाणी मी जाहिरात नीट वाचून रेझ्युमे बदलून पाठवला होता. पाचवा फोन जुन्या लाइनवरच्या एका ताईंनी नाव सुचवल्यामुळे आला होता. उरलेल्या सव्वाशेहून जास्त अर्जांतून एकच फोन. त्या दिवसापासून रात्रीचं ते अर्ज टाकत बसणं मी बंद केलं. आठवड्याला सात-आठच अर्ज, पण प्रत्येकाला तास-दीड तास.

रेझ्युमेबद्दल एक गोष्ट प्रत्येकाने आजच करून पाहावी. माझा रेझ्युमे एका ॲपवरून बनवलेला होता, दोन कॉलम, डावीकडे फोटो, कौशल्यांसमोर रंगीत पट्ट्या. दिसायला छान. माझ्या मामेभावाने तो पीडीएफ उघडला, सगळा मजकूर सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये चिकटवला आणि माझ्यासमोर धरला. माझा फोन नंबर डिप्लोमाच्या मार्कांच्या मध्ये जाऊन बसला होता आणि कंपनीचं नाव दोन तुकड्यांत फुटलं होतं. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि त्यालाही असाच विस्कटलेला मजकूर मिळू शकतो. तेव्हापासून एकच कॉलम, साधा फॉन्ट, फोटो नाही. जाहिरातीत 'पीपीएपी' (नवा पार्ट मंजूर करून घ्यायला ग्राहकाला द्यायची कागदपत्रं) लिहिलं असेल आणि ते काम मी केलं असेल, तर माझ्या रेझ्युमेतही तोच शब्द. पूर्वी मी नुसतं 'कस्टमर डॉक्युमेंटेशन' लिहायचे. सर्चमध्ये 'पीपीएपी' टाकणाऱ्या माणसाला मी सापडणार कशी?

पोर्टलचं थोडक्यात सांगते. नोकरी डॉट कॉम आणि इंडीड दोन्ही वापरली, फुकटचीच. भरती करणारे लोक उमेदवारांच्या यादीत शोधताना 'अलीकडे ॲक्टिव्ह' असा फिल्टर लावू शकतात, म्हणून दर सोमवारी सकाळी प्रोफाइलमध्ये काहीतरी खरं अपडेट करायचे. फोन वाढले. लिंक्डइनवर जाहिरातींपेक्षा माणसं शोधायला उपयोग झाला. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे इथल्या कंपन्यांतले क्वालिटी मॅनेजर शोधायचे आणि त्यांना चार ओळींचा मराठी किंवा इंग्रजी मेसेज करायचा. "सर, नोकरी द्या" असं कधीच लिहिलं नाही. "तुमच्याकडे मशिनिंगचे पार्ट आहेत, मी पाच वर्षं तेच इन्स्पेक्शन केलंय, जागा निघाली तर कळवाल का" असं लिहिलं. दहातले दोन-तीन उत्तर देतात, आणि देतात ते मनापासून देतात.

राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर नोंदणी फुकट होते, तिथूनच रोजगार मेळाव्याचं कळलं. मी गेले त्या मेळाव्यात बहुतेक जागा आयटीआय आणि फ्रेशर डिप्लोमासाठी होत्या. नुकतं शिक्षण संपलं असेल तर जरूर जा, एका दिवसात पाच-सहा कंपन्यांच्या एचआरशी समोरासमोर बोलणं होतं.

आता त्या रकान्याबद्दल. ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत माझे पाच इंटरव्ह्यू झाले आणि पाचही ठिकाणी "कळवतो" ऐकून परत आले. घरी आल्यावर वाटायचं, ओळख लागते, पैसे लागतात, मुलगी म्हणून नको म्हणाले असतील. यातलं काही कुठे खरं असेलही. पण सिन्नरहून परत येताना बसमध्ये, पाय दुखत होते, खिडकीशी डोकं टेकवून बसले होते, तेव्हा लक्षात आलं की आज जो प्रश्न अडला तोच मागच्या महिन्यात अंबडलाही अडला होता. घरी येऊन सहावा रकाना आखला : 'काय विचारलं जे मला आलं नाही'. मागचे सगळे इंटरव्ह्यू आठवून भरला. पाच इंटरव्ह्यूंत मिळून चारच गोष्टी होत्या. ड्रॉइंगवरचा पोझिशन टॉलरन्स (भोक ठरलेल्या जागेपासून किती सरकलेलं चालेल), गेज आर अँड आर (साधन आणि मोजणारा यांच्यामुळे मापात किती फरक पडतो ते तपासणं), पीएफएमईए (काम करताना काय चुकू शकतं त्याची यादी) आणि कंट्रोल प्लॅन (कुठे काय तपासायचं त्याचा तक्ता) यांचा संबंध, आणि सीएमएमवर (कॉम्प्युटरने मापं घेणाऱ्या मशीनवर) स्वतः प्रोग्रॅम केलाय का. पाच वर्षं मी रोज मोजमाप करत होते, पण ते आकडे कुठून आले हे कुणी विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

बाजारात माणसं भरपूर आहेत, हे खरं आहे. एका जागेला शंभरावर अर्ज येतात असं एचआरवालेच सांगतात. पण इंटरव्ह्यूपर्यंत पोचलेल्या माणसाची स्पर्धा त्या शंभरांशी उरलेली नसते. त्याला अडवतात ते तीन-चार प्रश्न, आणि तेच पुन्हा पुन्हा. ते तुमच्या हातात आहेत.

सिडकोत आमच्या मागच्या गल्लीत टूलरूममधून रिटायर झालेले एक काका राहतात. दिवाळीच्या आधीपासून दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे जायला लागले. काकांनी जुन्या कॅलेंडरच्या मागे एक भोक काढलं. साइज १०.० ते १०.२ मिमी, पोझिशन ०.१, त्यापुढे गोलातला एम, म्हणजे ही सूट भोक सगळ्यात लहान असतानाची. म्हणाले, "भोक १०.० चंच असेल तर ०.१ च्या आत. पण ते १०.१५ चं झालं, तर किती सूट?" मी गप्प. मग त्यांनी सांगितलं की भोक मोठं झालं तेवढी जागा त्यात बसणाऱ्या पिनेला जास्त मिळाली, म्हणून ०.१ मध्ये ०.१५ मिळवायचे, ०.२५ पर्यंत चालेल. पाच वर्षांत मी असे किती पार्ट उगीच रिजेक्टच्या ट्रेमध्ये टाकले असतील, या विचाराने त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. गेज आर अँड आरसाठी त्यांनी आकडे पाठ करायला लावले नाहीत. एकच बुश (आतून पोकळ छोटी नळी) तिघांनी तीन-तीनदा मोजायची आणि फरक का येतो ते शोधायचं. मग मोजण्यातला फरक १० टक्क्यांखाली असेल तर चांगलं, १० ते ३० मध्ये विचार करून घ्यायचं, ३० च्या वर नको, हे आपोआप डोक्यात बसलं. सीएमएमचं मात्र घरी होणार नव्हतं. त्यासाठी एका छोट्या इन्स्पेक्शन लॅबमध्ये महिनाभर अर्धा दिवस बिनपगारी हाताखाली राहिले. बिनपगारी काम करू नये असं पुष्कळांचं मत आहे आणि ते बरोबरच आहे. मी मुदत आधी ठरवून घेतली होती आणि महिना झाल्यावर थांबले.

सातपूरच्या इंटरव्ह्यूत तोंडी प्रश्न फार झालेच नाहीत. मॅनेजर सर मला स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे मोजमापाच्या खोलीत घेऊन गेले आणि एक बुश, रिंग गेज (ठरलेल्या मापाची कडी) आणि डायल बोअर गेज (भोकाचं आतलं माप घेणारं साधन) समोर ठेवलं. "मोजून दाखवा." मी आधी बुश पुसली, आतून बाहेरून. गेजवरचं कॅलिब्रेशनचं स्टिकर पाहून ड्यू डेट मोठ्याने वाचली. रिंग गेजवर झिरो सेट केला. मग बोअरमध्ये गेज हलकं पुढेमागे डोलवत काटा जिथून परत फिरतो ते रीडिंग घेतलं. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी नव्वद अंशांत फिरवून पुन्हा. सर काहीच बोलत नव्हते, माझ्या हाताकडे बघत होते. सहा रीडिंग लिहून मी सांगितलं की खालच्या बाजूला ओव्हॅलिटी दिसतेय, भोक थोडं लंबगोल आहे. त्यांनी विचारलं, "कशामुळे?" मी म्हटलं, "चकमध्ये पार्ट जास्त आवळला असेल." चक म्हणजे मशीनवर पार्ट धरून ठेवणारी पकड. एवढंच. बाहेर आल्यावर एचआर मॅडमनी पगाराची अपेक्षा विचारली.

कंपन्यांच्या गेटांबद्दल. पोर्टलवर न येणाऱ्या बऱ्याच जागा गेटवरच्या पाटीवर असतात. सीएनसी ऑपरेटर, व्हीएमसी सेटर, क्वालिटी इन्स्पेक्टर पाहिजेत, अशी पाटी आणि खाली मोबाइल नंबर. अंबडला मी महिन्यातून दोनदा एक्सलो पॉइंटपासून आत चक्कर मारायचे, दोन बाटल्या पाणी आणि रेझ्युमेच्या दहा प्रिंट घेऊन. सिक्युरिटीवाल्या दादांशी नीट बोललं तर ते एचआर कधी भेटतात ते सांगतात. माझे बारापैकी तीन इंटरव्ह्यू अशा चकरांमधून मिळाले. हे पान उघडलं की आजही त्या दादांचे आभार मानावेसे वाटतात.

पैशांचं एक कळकळीने सांगते. जुलैमध्ये एका कन्सल्टन्सीला रजिस्ट्रेशन म्हणून मी १,५०० रुपये भरले. पावती नाही, पुढे फोन नाही. चांगल्या कन्सल्टन्सी आपली फी कंपनीकडून घेतात, उमेदवाराकडून मागत नाहीत. नोव्हेंबरमध्ये एका मोठ्या कंपनीच्या नावाने ऑफर लेटर आलं, साध्या जीमेलवरून, आणि युनिफॉर्मचं डिपॉझिट आधी भरा म्हणे. मी त्या कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून विचारलं तर अशी भरतीच नव्हती. पैसे गेले असतील तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर करू नका.

ऑफर आली की सीटीसी (कंपनीचा आपल्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) आणि हातात येणारी रक्कम यांत गफलत होऊ देऊ नका. वर्षाला ३,६०,००० म्हणजे महिना ३०,००० वाटतात. बेसिक १५,००० धरलं तर कंपनीचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे साधारण ७२० त्यातच धरलेले असतात. मग आपला पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० कापला की हातात येतात साडेपंचवीस हजारांच्या आत-बाहेर. बस आणि कँटीनचं वेगळं. एचआर मॅडमना मी पगाराचा ब्रेकअप लेखी मागितला आणि त्यांनी लगेच दिला, कुणाला राग आला नाही.

आणि जॉइनिंगच्या वेळी एक अडचण आली. आधीच्या ठेकेदाराने माझ्या पीएफ खात्यात नोकरी सोडल्याची तारीखच टाकली नव्हती, त्यामुळे कागदोपत्री मी अजून तिथेच होते. शेवटचा पीएफ जमा झाल्यापासून दोन महिने उलटले की ती तारीख आपल्याला स्वतः यूएएनच्या (पीएफच्या कायमच्या नंबरच्या) पोर्टलवर आधारच्या ओटीपीने टाकता येते. मला हे आधी माहीत असतं तर ते चार दिवस डोळ्याला डोळा लागला नाही, तसं झालं नसतं. काम सुटल्यावर तिसऱ्या महिन्यात हे तपासून घ्या.

वहीचे दोष? एकच. पावसात भिजली की शाई पसरते, माझी ऑगस्टची दोन पानं वाचता येत नाहीत. गल्लीतल्या एका मुलाने हेच रकाने मोबाइलवर शीटमध्ये केलेत आणि त्याचं चांगलं चाललंय. मला हाताने लिहिलेलं लक्षात राहतं.

आता वही मी मागच्या बाजूने लिहायला घेतली आहे. दर शनिवारी शिफ्ट सुटल्यावर कँटीनमध्ये बसून त्या आठवड्यात काय केलं ते आकड्यांत लिहिते. पहिला रेझ्युमे लिहायला बसले तेव्हा पाच वर्षांचं काम होतं, पण दाखवायला एकही आकडा नव्हता. मागच्या शनिवारची नोंद : बुशच्या बोअरचं रिजेक्शन, चकचं प्रेशर कमी केल्यावर, शंभरात सातावरून दोनवर.